पूजेतल्या सळया

या, असे पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलात तर शब्द ऐकू येतील, पण गोष्ट पोचायची नाही, आणि ही पोचायला हवी. कीर्तनात बुवा आधी अभंग घेतात, निरूपण करतात, श्रोत्यांची मनं मऊ करून घेतात आणि मग कुठं आख्यानाला हात घालतात. मला तेवढा दम नाही. माझं आख्यान एका सकाळचं आहे. त्यातला नायक कोण ते मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. मी नाही, एवढं नक्की.

एकोणऐंशी सालची खंडेनवमी. चिंचवड गावठाणात माझ्या दोन खोल्या. उजाडता उजाडता मी नळावरून बादली घेऊन आलो आणि उंबऱ्यातच थांबलो. पाणी हिंदकळून पायावर आलं. ते गार होतं, एवढं अजून आठवतं. समोरच्या भिंतीशी सुभद्रेनं, माझ्या बायकोनं, पूजा मांडली होती. दर वर्षी मांडते. पाटावर धुतलेला पंचा, त्यावर विळी, कोयता, खलबत्त्यातला बत्ता, माझी जुनी कानस, आमच्या भजनी मंडळाचे टाळ. आणि टाळांच्या शेजारी, तान्ही पोरं निजवावीत तशा एकीला एक लावून निजवलेल्या एकोणीस सळया. दीड-दीड हाताच्या, एका टोकाला पकडीसाठी सुतळी गुंडाळलेली. प्रत्येकीला हळदीचं बोट, कुंकवाचं बोट, आणि सगळ्यांवरून झेंडूची एक लांब माळ. कुंकू ओलं होतं. कडेच्या सळईवरून ते ओघळून पंच्यावर उतरलं होतं, आणि त्या लाल डागाकडं बघताना माझ्या उजव्या हाताला अशी कळ आली की बादली मी खाली ठेवली का हातातून सुटली, ते सांगता यायचं नाही.

"पाय पुसून या," सुभद्रा म्हणाली. "कंपनीची हत्यारं पेटीत कशाला कोंबून ठेवलीत? टाळांना गंज चढला असता."

कंपनीची हत्यारं! मी तिच्याकडं बघितलं. ती गवारीच्या शेंगा हातानं मोडत होती, कारण विळी पूजेत होती. खंडेनवमीला हत्याराला विसावा. एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत ते उचलायचं नाही. कारखान्यातसुद्धा हाच रिवाज. त्या दिवशी लेथ पुसायचा, तेल द्यायचं, त्याच्या चकला, म्हणजे फिरत्या तोंडाला, हार घालायचा, नारळ फोडायचा, पेढा खायचा आणि घरी यायचं. साहेबसुद्धा त्या दिवशी बटण दाबायला सांगत नसे. बारा वर्षं मी माझ्या लेथला असा हार घातला होता. यंदा आम्ही फाटकाबाहेर होतो. प्रेसवर एकाची तीन बोटं गेली, आणि मशीनचं संरक्षक झाकण कुणी काढलं असं त्यानं विचारलं तर त्यालाच कामावरून काढलं, तेव्हापासून संप. त्रेपन्नावा दिवस. आणि आदल्या दिवशी बातमी आली होती की कंपनी सकाळी सातला बसमधून नवी माणसं आणणार, त्यांच्या हातून मशीनची पूजा करवणार आणि दसऱ्याला उत्पादन चालू करणार. आमच्या मशीनला त्यांनी हार घालायचा! काहीही सोसू, पण हे नाही, असं प्रत्येकाला वाटलं. मलाही वाटलं. खोटं कशाला बोलू.

सळया सयाजीनं आणल्या होत्या. सयाजी मोशीचा, चोवीस-पंचवीसचा, वेल्डिंगला होता. मनानं निर्मळ, पण रागाला झाकण नाही. पोलीस घरं तपासत होते, तेव्हा तो म्हणाला, "बुवा, तुमची टाळांची पेटी कोण उघडणार न्हाई. देवाची पेटी हाय." मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. मी फक्त पेटीची किल्ली खिळ्याला अडकवली आणि तुळशीला पाणी घालायला गेलो. माणूस पाप करतो ते बहुतेक वेळा असंच करतो, किल्ली खिळ्याला अडकवून. परत आलो तर पेटी जड झाली होती. त्यानंतरचे पाच दिवस मी भजनाला टाळ काढले नाहीत, घसा बसलाय म्हणून सांगितलं, आणि खरोखरच घसा बसला.

हे सगळं सांगतोय, पण त्या सकाळी यातलं काही मनात नव्हतं. मनात होता तो डाग, आणि डागामागून ज्योतीराम. त्र्याहत्तर साल. दुष्काळानं हाकललेली माणसं उस्मानाबाद, बीडकडून गाड्या भरभरून येत होती, पिंपरीच्या फाटकाफाटकाशी बसून राहत होती. ज्योतीराम त्यातलाच. हमालीला लागला, मग आमच्या शॉपमध्ये झाडलोटीला. एकादशीला भजनाला यायचा आणि नेमका माझ्या उजवीकडं, टाळाच्या अगदी तोंडाशी बसायचा. मी म्हणायचो, अरे, कान फाटेल तुझा. तर हसायचा. "फाटू द्या की बुवा. टाळ ऐकला की पोट भरल्यावानी वाटतंय." त्याच वर्षी नऊ दिवसांचा एक संप झाला. सातव्या दिवशी सकाळी मागच्या भिंतीकडून चौघे आत शिरताना दिसले, आम्ही धावलो. माझ्या हातात चोवीसचा पाना होता. चौघांत कोण आहे ते मला धावताना कळलं नव्हतं, असं मी पुढं सहा वर्षं स्वतःला सांगत आलो. पण कळलं होतं. त्यानं मान वळवली होती. मला बघून त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ती भीती नव्हती, हायसं वाटल्यासारखं काहीतरी होतं, की चला, बुवा आहेत. आणि तेच मला सोसलं नाही. आमच्या पंगतीला बसून आमच्याच पोटावर! पाना डाव्या कानावर बसला. आवाज फारसा झाला नाही. ओली फांदी मोडावी तसा. तो खाली बसला, दोन्ही हातांनी कान धरून, आणि कुणीतरी हाक मारावी आणि ती कुठून आली ते कळू नये तसा इकडंतिकडं बघू लागला. बाकीचे पळाले. मीही पळालो. संप मिटला तेव्हा मी तो पाना धुऊन टूलरूमच्या खिडकीत परत केला. हत्यार परत केलं की आपल्या नंबराचा पितळी बिल्ला परत मिळतो. मला मिळाला. खिडकीतला माणूस म्हणाला, "काय बुवा, नवा कोरा करून आणलात!" त्यानं तो फळीवर आपल्या खुणेच्या खिळ्याला टांगला, आणि जगात काही घडलंच नाही अशी ती फळी पुन्हा भरलेली दिसू लागली.

पोलिसांना ज्योतीरामानं सांगितलं, भिंतीवरून पडलो. महिन्यानं तो एकादशीला आला. या वेळी माझ्या डावीकडं बसला, मान तिरकी करून उजवा कान टाळाकडं धरून. मी वाजवत होतो. माझा हात थांबला नाही, हे ध्यानात ठेवा. माझा हात ठेका सोडून एक तसूभर ढळला नाही. भैरवी झाल्यावर तो पाया पडला, "येतो बुवा" म्हणाला आणि गेला. कुठं, ते कुणालाच माहीत नाही. मी विचारलंही नाही. लोक माझ्या टाळाची वाहवा करायचे तेव्हा मला तो फळीवर टांगलेला पाना दिसायचा.

सव्वासहाला सयाजी आला. बरोबर शॉपमधले दोघं, आणि मागोमाग भीमराज. भीमराज फाउंड्रीतला, माझ्या वयाचा, युनियनच्या कमिटीवर. पिंपरीत राहायचा. कमी बोलायचा. फाउंड्रीच्या धगीनं त्याच्या भुवया कायमच्या विरळ झाल्या होत्या, त्यामुळं तो नेहमी थोडा चकित झाल्यासारखा दिसे. सयाजीनं चपला काढल्या, आत पाऊल टाकलं आणि पूजा बघून जागच्या जागी उभा राहिला.

"काकू! हे काय केलंसा?"

"काय केलं? बस. प्रसाद घे."

"अवो ह्या आमाला न्यायच्यात. आत्ता. गाडी सातला येतीया."

"आज?" सुभद्रेनं शेंगा बाजूला ठेवल्या. "खंडेनवमीला हत्यार उठवतोस? तुझी आई मोशीला कोयत्याला हात लावते का आज?"

सयाजीनं माळेकडं बघितलं, हात थोडा पुढं केला आणि मागं घेतला. आगीच्या ठिणग्या हातावर झेलणारा गडी तो, पण झेंडूची माळ त्याला ओलांडवेना. मग सगळा राग माझ्यावर वळला. "बुवा, ही तुमची करणी. तुमीच शिकवलं काकूंना. सरळ म्हणायचं हुतं, आपली फाटती म्हणून!"

"देवाशपथ, मला माहीत नव्हतं," मी म्हणालो. खरंच होतं ते. पण मला वाटलं ते सुटकेसारखं होतं, आणि त्या सुटकेची मला लाज वाटली. आपल्याला जे नको म्हणता आलं नाही ते बायकोच्या हळदीनं म्हटलं.

सयाजी एकदम भीमराजकडं वळला. "भीमराजभाऊ, तुमचं तर न्हाई ना ह्यातलं काय? तुमी हे मानत न्हाई. तुमी उचला."

खरंच होतं. घरात तो एकच माणूस असा होता की ज्याला ती माळ अडवू शकत नव्हती. भीमराज पुढं आला, पाटासमोर उकिडवा बसला. सळयांकडं बघत राहिला. बाहेर रस्त्यावर पाण्याच्या घागरीचा आवाज येत होता. सुभद्रेनं पदर खांद्यावर सारखा केला. भीमराजचा हात गुडघ्यावरून सुटला, सुतळीच्या पकडीपर्यंत गेला, आणि मला वाटलं, संपलं.

"वयनी," तो म्हणाला, "आमच्याकडं पूजा नसती, माहिताय तुमाला."

"माहिताय की."

"पण उद्या आमची अशोकाची दशमी." त्यानं हात मागं घेतला, पुन्हा गुडघ्यावर ठेवला. "बायकोनं माझा पांढरा सदरा निळीत घालून वाळत टाकलाय. त्या राजानं कलिंग जिंकलं, माणसं किती मारली त्याला गणती नाही, आणि जिंकल्यावर तलवार खाली ठेवली. हरणारा ठेवतो, त्याला कोण विचारतो? ह्यानं जिंकून ठेवली. आज मी सळई उचलायची, आणि उद्या तो सदरा अंगात घालायचा? सयाजी, माळ मला अडवत न्हाई. सदरा अडवतोय."

"मग काय हात हलवत जायचं व्हय फाटकावर?"

"व्हय," भीमराज उठत म्हणाला. "हलवत न्हाई. नुसते हात घेऊन."

निघताना मी सवयीनं टाळांकडं वाकलो. निदान भजन म्हणत बसू. सुभद्रेनं नुसतं बघितलं. टाळांनाही कुंकू होतं. तेही उचलायचे नव्हते. बारा वर्षांत पहिल्यांदा मी फाटकावर रिकाम्या हातांनी गेलो, आणि रिकामा हात किती जड असतो ते त्या दोन मैलांत कळलं.

फाटकासमोर आम्ही साठ-सत्तर जण रस्त्यावर बसलो. मांडी घालून, पंगतीला बसावं तसे, ओळीनं. भीमराजनं प्रत्येकाला सांगितलं होतं: उठायचं नाही, शिवी द्यायची नाही, मार बसला तर हात डोक्यावर, समोरच्यावर नाही. पोलिसांची गाडी बाजूला उभी. सातला बस आली. पिवळी, जुनी, खिडक्यांना जाळ्या. ती आमच्यापासून चार हातांवर येऊन थांबली, आणि तिचं इंजिन चालूच राहिलं. जमिनीतून ती थरथर मांडीला लागत होती. आत चेहरे. जाळीमागं चेहऱ्यांचे तुकडे होतात, एक डोळा, एक हनुवटी, गळ्यातला काळा दोरा. दारात फौजदार उभा राहून काहीतरी वाचत होता. मी तोंडानं नाम धरलं. विठ्ठल विठ्ठल. टाळ नाही, मृदंग नाही, घसा बसलेला. नाम कधी इतकं उघडं ऐकलं नव्हतं. कुणी टाळी धरली नाही, टाळीसाठीही हात उचलायची भीती वाटत असावी.

मग लाठ्या आल्या. फार जोरात नव्हत्या, उठवण्यापुरत्या होत्या, असं पुढं कुणी म्हणालं. माझ्या खांद्यावर एक बसली. उजवा हात आपोआप वर आला. अख्खं अंग बसलेलं आणि तो एकटाच उठलेला, जणू माझा नव्हेच. मी त्याच्याकडं बघितलं आणि डाव्या हातानं मनगट धरून तो मांडीवर दाबून ठेवला. आणि त्याच वेळी शेजारी सयाजीचा हात रस्त्याकडेच्या खडीत गेलेला दिसला. मुठीत धोंडा. बोटं पांढरी पडलेली. त्याची नजर बसच्या एका खिडकीवर होती. जाळीमागं एक माणूस मान तिरकी करून, एक कान पुढं करून, आमचं नाम ऐकत होता.

ज्योतीराम? नव्हे. हा तरणा होता. नसेलही, डोळ्यांत पाणी आलं की वय दिसत नाही.

"सयाजी," मी म्हणालो, "टाक."

"ते बघा कसं कान दिऊन ऐकतंय. हसतंय आपल्याला."

"हसत नाही. ऐकतोय. टाक तो."

"बुवा, तुमाला काय कळतंय त्यातलं! तुमी कधी मुंगी मारली न्हाई. टाळ कुटणाऱ्यानं मला शिकवू नये."

आता बघा, इथं मला गप्प बसता आलं असतं. लोकांच्या मनातला बुवा तसाच राहिला असता, मुंगी न मारलेला. आणि धोंडा सुटला असता. एक धोंडा सुटला की सत्तर सुटतात, लाठ्यांच्या जागी बंदुका येतात आणि जाळीमागचा तो कान... मी नाम थांबवलं. पुढच्या दोन्ही ओळींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो, "मारलंय. ह्या हातानं. त्र्याहत्तरला ज्योतीरामाचा कान मी फोडला. पान्यानं. तो भिंतीवरून पडला नव्हता. तो माझ्याकडं विश्वासानं बघत होता आणि मी मारला."

ओळीतल्या माना वळल्या. कुणाच्या तरी तोंडून "अरे देवा" निघालं. दर एकादशीला माझ्या पाया पडणारा एक म्हातारा रंगारी होता, त्यानं माझ्यावरून नजर काढून रस्त्यावर लावली आणि तो जिवंत असेपर्यंत परत वर केली नाही म्हणा ना. सयाजी माझ्या हाताकडं बघत होता, मी दाबून धरलेल्या हाताकडं. इंजिनची थरथर चालूच होती.

"मग?" त्यानं विचारलं, लहान आवाजात. "मग काय झालं?"

"काही नाही. संप मिटला. पाना धुतला, परत दिला. सहा वर्षं झाली, माझा टाळ मलाच ऐकू येत नाही."

त्याची मूठ लगेच उघडली नाही. कीर्तनात उघडली असती. बराच वेळ तो तसाच बसून होता, मग त्यानं धोंडा मांडीखाली सरकवला आणि त्यावर बसून राहिला, टोचत असणार. पुन्हा लाठ्या आल्या तेव्हा त्यानं दोन्ही हात डोक्यावर घेतले. कपाळातून रक्त आलं. तो बसून राहिला. दहाच्या सुमाराला ड्रायव्हरनं, कुणी सांगितलं म्हणून की कंटाळून, बस मागं घेतली. आम्ही ओरडलो नाही. ओरडायला कुणात त्राण नव्हतं. ती वळताना तो जाळीमागचा माणूस दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी आला आणि पुन्हा तसाच मान तिरकी करून बघत राहिला.

बस दुसऱ्या दिवशी परत आली, चौथ्या दिवशीही आली. आम्ही बसत राहिलो. अकराव्या दिवशी समेट झाला. प्रेसवरची झाकणं परत बसली. बोटं गेलेल्याला काम मिळालं, स्टोअरमध्ये, पगार कमी करून. सगळं मिळालं असं नाही. पण त्या फाटकावर कुणाचा कान गेला नाही, हे मिळालंच.

खंडेनवमीच्या दिवशी दुपारी घरी आलो तर सुभद्रेनं खांद्याला हळदतेल लावलं. माझं म्हणणं आधीच तिच्या कानावर गेलं होतं. गावठाणात बातमी माणसाच्या आधी घरी येते. मी म्हणालो, "बरं झालं, तुला ती कंपनीची हत्यारं वाटली."

तिनं हात थांबवला नाही. "सुतळी गुंडाळलेलं हत्यार कुठल्या मशीनला लागतं ते मला कळत नाही होय? तुम्ही पाच दिवस टाळ काढला नाहीत."

तिनं तेलाची वाटी जवळ ओढली.

"आणि त्र्याहत्तरचा तुमचा सदरा," ती म्हणाली, "मीच धुतला होता. तीन पाण्यांत डाग निघाला नाही. तुम्ही बोलाल म्हणून वाट बघितली. सहा वर्षं."

दसऱ्याला आम्ही सळया उचलल्या. भीमराज आला होता, पांढऱ्या सदऱ्यात. सयाजीनं कपाळाच्या पट्टीसकट येऊन सुतळ्या सोडल्या आणि पुढं कधीतरी त्या सळया वेल्ड करून मंडळाला टाळ ठेवायची घडवंची करून दिली. वेडीवाकडी आहे. अजून आहे. माझ्याकडून टाळ मंडळानं काढून घेतला नाही, मीच ठेवला. मी मागं बसतो, तोंडानं म्हणतो. मी उस्मानाबादला दोनदा जाऊन आलो. त्या नावाची तीन माणसं भेटली, तिघांचेही दोन्ही कान शाबूत.

तेव्हा तुमच्याकडं एवढंच मागणं. तुम्ही गावोगाव जाता, कीर्तनाला बसता. टाळ घुमायला लागले की जरा आजूबाजूला बघत जा. कुणी मान तिरकी करून उजवा कान पुढं धरलेला दिसला, तर त्याला पुढं जागा करून द्या, अगदी टाळाच्या तोंडाशी. नाव विचारा. ज्योतीराम म्हणाला, तर चिंचवडचा हरिहर वाट बघतोय म्हणावं, हात रिकामे करून. आणि दुसरंच काही नाव निघालं, तरी जागा द्या. तेवढीच ज्योतीरामाची आठवण.